गाडी बंद पडली की हसू कधी येतं – तेव्हाच, की नंतर?

रिझर्व्हवर

आमच्या ओळखीत एक काका आहेत. गाडी वाटेत बंद पडली की ते शांतपणे खाली उतरतात, बॉनेट उघडतात, दोन्ही हात कमरेवर ठेवून आत बघतात आणि गाडीतल्या मंडळींना जाहीर करतात, "इंजिन जागेवर आहे." मग बॉनेट लावून परत येऊन बसतात. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नाही आणि ते तसं लपवतही नाहीत. तरी त्यांच्या गाडीत बसायला पोरंटोरं भांडतात.

दुसरीकडे माझा सख्खा मामा. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की बेल्ट घसरतोय ते सांगेल. पण गाडी थांबली की सगळ्यांनी श्वास रोखून धरायचा. मामी समोर बघत बसणार, मुलं खिडकीबाहेर. चुकून कुणी "काय झालं?" विचारलं तर मामाचा जो स्फोट होतो, त्यापेक्षा इंजिनाचा परवडला.

तर मंडळी, प्रश्न असा. गाडी बंद पडणं, पंक्चर होणं, चावी आत राहून दार लागणं, ऐन वेळी चपलेचा अंगठा तुटणं, असल्या फुटकळ फजितीत त्या क्षणी खरंच हसू येतं का? की नंतर आपण रंगवून सांगतो तेव्हाच ती गोष्ट विनोदी होते? आणि हा स्वभाव असतो की सवय? कुणाला लागलं-खुपलं असे प्रसंग बाजूला ठेवून बोलू.

चौथा_गिअर

हसू नंतरच. किती नंतर, ते बिलावर अवलंबून. पंक्चर असेल तर त्याच संध्याकाळी. गिअरबॉक्स असेल तर पुढच्या पिढीला.

निळी_छत्री

चौथा गिअर, असहमत. आम्हाला ऐन वेळी हसू आलं होतं, आणि तेही गाडी धड बंद पडलेली नसताना.

भर उन्हाळा, चढाचा रस्ता, गाडीत सगळ्या मैत्रिणी. तापमानाचा काटा वर सरकायला लागला. चालवणारी म्हणाली, "एसी बंद करतेय. काचा खाली घ्या. आता हीटर लावते." आम्हाला वाटलं, ऊन हिला लागलं. पण तिनं खरोखरच हीटर पूर्ण गरमवर नेऊन पंखा जोरात सोडला. बाहेरून झळा, आतून पायांवर गरम हवेचा झोत. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "कुणाला स्वेटर हवाय का?"

झालं. वर पोहोचेपर्यंत एकीलाही सरळ वाक्य बोलता आलं नाही. शेजारून जाणाऱ्या गाडीतले लोक घामानं निथळत खिदळणाऱ्या बायकांकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर अजून आठवते. काटा मात्र खाली आला.

दहाचा_पाना

निळी छत्री, मैत्रीण हुशार आहे, तिला माझा नमस्कार सांगा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच असतो. इंजिनातून गरम झालेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, त्यातून फिरतं आणि पंखा ती उष्णता तुमच्या पायांवर टाकतो. तेवढी उष्णता इंजिनातून कमी होते. पण हा उपाय काटा नुकताच चढू लागलाय तोवरचा. कूलंटच गळून गेलं असेल तर हीटरमधून गार हवा येते, आणि तसं झालं की गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करायची. काटा लाल पट्ट्यात गेला तरी तेच.

आणि एक कळकळीची विनंती. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, ते एकदम उकळतं आणि उसळून थेट हातातोंडावर येतं. निदान अर्धा तास काही करू नका. या धाग्याचा विषय हसणं आहे ना? मग तो अर्धा तास हसण्यासाठी राखून ठेवा.

वाचनमात्र

दहाचा पाना, "काही करू नका" हाच सल्ला पुरुषांना सगळ्यात जड जातो.

घाईत_आहे

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बाईक सिग्नलला बंद पडली. सेल्फ मारला, काही नाही. किका मारल्या, काही नाही. प्लग गेला असणार असं म्हणत त्यानं हेल्मेट माझ्याकडे दिलं आणि बाईक ढकलायला सुरुवात केली. मी मागून धक्का देतोय, तो गिअर टाकून क्लच सोडतोय, गाडी नुसती आचके देतेय. बरंच अंतर असं गेल्यावर शाळेतून घरी चाललेला एक मुलगा थांबला, हँडलवरच्या लाल बटणाकडे बघितलं, ते खटकन दाबलं आणि काही न बोलता पुढे गेला. किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण. सिग्नलला थांबताना अंगठा लागला असणार.

सहकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझा स्टॅमिना बघत होतो."

मला त्या क्षणी हसू आलं नाही हे नमूद करतो. त्या मुलाला आलं होतं, पाठमोरा असला तरी खांदे हलत होते.

चौथा_गिअर

हसून हसून पुरेवाट. "स्टॅमिना बघत होतो" यापुढे आमच्याकडे वापरण्यात येईल.

जुनाट

तुम्ही तरुण मंडळी गाडी बंद पडण्याला "प्रसंग" म्हणता याची गंमत वाटते. आमच्या काळी गाडी बंद न पडता पोहोचलो तर तो प्रसंग. जुनी स्कूटर असेल तर किक मारण्याआधी ती एका बाजूला तिरपी करायची, चोक ओढायचा, मग किक. नाही झाली तर प्लग काढायचा, काजळी खरवडायची, पॉलिश पेपर फिरवायचा, फुंकर मारून परत लावायचा. बायको पर्स सांभाळत कडेला उभी, पोरगं डिकीतला प्लगपाना घेऊन तयार. कुणी चिडत नव्हतं, कारण हे होणार हे निघतानाच धरलेलं असायचं. घरून निघायची वेळ ठरवतानाच प्लगचा वेळ त्यात असे.

आता गाडी वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. मग एके दिवशी समोर एक पिवळा दिवा लागतो आणि माणसाला तो वैयक्तिक अपमान वाटतो. शिवाय हातानं करण्यासारखं काही उरलेलं नाही. बॉनेट उघडलं की वर प्लॅस्टिकचं मोठं झाकण. रिझर्व्हवर यांचे काका निदान इंजिन दिसतंय का ते तरी बघतात. नव्या गाडीत तेही धड दिसायचं नाही.

शंकेखोर

जुनाट काका, आदरपूर्वक शंका. त्या काळी कुणी चिडत नव्हतं हे काकूंना विचारून लिहिलंय का?

बाकी चोक गेला त्याचं मला अजिबात दुःख नाही. थंड इंजिनाला सुरू होताना हवेच्या मानानं पेट्रोल जास्त लागतं, म्हणून पूर्वी चोक ओढून हवा कमी करावी लागे. आता फ्युएल इंजेक्शनमध्ये तापमान बघून ते काम कॉम्प्युटर करतो. जुन्या गाड्यांच्या आठवणी काढणारे सगळे लोक नव्या गाडीतून येऊन आठवणी काढतात.

जुनाट

विचारलं. काकू म्हणतात, पर्स जड असायची.

मालवाहू

सगळ्यांचं वाचलं, मजा आली. पण थोडं वेगळं बोलतो. मी टेम्पो चालवतो, लोकांचा माल वाहतो. तुमची गाडी बंद पडली तर तुमची सहल थांबते. माझी पडली तर धंदा थांबतो. एका फोनवर माल पाठवणारा, दुसऱ्या फोनवर माल घेणारा, दोघं एकच विचारणार, "किती वेळ लागेल?" बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या माणसाला ते कळत असतं तर त्यानं डोकं घातलंच नसतं. त्यात कुणीतरी मोटरसायकल थांबवून "काय, गाडीनं सुट्टी टाकली का?" म्हणतो. तेव्हा हातात पाना आहे हे विसरायचं नसतं. त्यानं नाही, मी.

हसणं परवडावं लागतं. हप्ता थकलेला असला की गाडी नुसती खोकली तरी तोंडचं पाणी पळतं. आणि नेमकी त्याच महिन्यात ती खोकते, दुष्काळात तेरावा महिना.

आम्ही हसत नाही असं नाही. रात्री टायरवाल्याच्या दारात चार ड्रायव्हर जमले की जे हसतो ते इथे लिहिता यायचं नाही. पण तिथे चौघांचीही चाकं खोललेली असतात.

रिझर्व्हवर

मालवाहू दादा, तुमचं म्हणणं पटलं. प्रश्न विचारताना माझ्या डोळ्यासमोर सहलच होती. शेवटचं वाक्य मात्र लिहून ठेवतोय.

अनघड

मालवाहूंना अनुमोदन, आणि थोडी भर. रात्री रस्त्यावर एकटीची गाडी बंद पडते तेव्हा विनोद माझ्या यादीत असतो, पण बराच खाली. आधी चारही इंडिकेटर चालू. गाडी जमेल तेवढी कडेला. रहदारी नसलेल्या बाजूच्या दारानं बाहेर. घरी लोकेशन पाठवायचं. परावर्तक त्रिकोण मागे, चांगला लांब नेऊन ठेवायचा. तो गाडीला टेकवून ठेवलेला बघितला की मला कळत नाही की तो नक्की कुणाला दाखवायचाय. मग स्वतः गाडीपासून दूर, कठडा असेल तर त्याच्या पलीकडे. वेगवान रस्त्यावर बंद गाडीत बसून राहणं हे हसत किंवा रडत, कसंही करू नये. हे सगळं झालं की मग मी मूडचा विचार करते.

आता हसण्याचं सांगते. एकदा दिवसाढवळ्या पंक्चर झालं. मी जॅक, पाना काढून बसले तेवढ्यात दोन सद्गृहस्थ मदतीला आले. वेगवेगळ्या गाड्यांतून, एकमेकांना न ओळखणारे. एक म्हणाले, "ताई, आधी जॅक लावा." दुसरे म्हणाले, "छे छे, आधी नट ढिले करा, चाक जमिनीवर आहे तोवरच." बरोबर दुसऱ्यांचं होतं, कारण चाक उचलल्यावर नट फिरवायला गेलं की नटाबरोबर चाकही फिरतं. पण पहिल्यांना ते मान्य होईना. त्यांनी अनुभव काढला, ह्यांनी त्यांच्याहून जुना अनुभव काढला. मग विषय टायरमध्ये साधी हवा बरी की नायट्रोजन यावर गेला. तोवर मी नट समोरासमोरचे जोडीनं आवळून, जॅक उतरवून, हात पुसत होते. दोघांनी वळून बघितलं आणि एकदम म्हणाले, "झालं ना? छान."

बरेच किलोमीटर मी गाडीत एकटीच हसत होते.

दहाचा_पाना

अनघड ताई, पैकीच्या पैकी. एकच पुरवणी. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट एकदा परत तपासावेत. आणि स्टेपनी जर बारीक चणीची, तात्पुरती असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते आणि हवा साधारण ६० पीएसआय लागते, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. लोक इतर चार चाकांत हवा भरतात आणि पाचव्याचं कुणाला आठवत नाही. मग गरजेच्या दिवशी डिकीतून पंक्चर चाकाच्या जागी बसवायला दुसरं बसकं चाक निघतं.

पायडल

मोटारवाल्यांनो, तुमचा हा धागा सायकलवाले किती आनंदानं वाचताहेत याची कल्पना नाही तुम्हाला. आमची चेन पडते, आम्ही उतरतो, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, पुढे ढकलून चेन सैल करतो, दात्यांवर बसवतो, पायडल हातानं एक फेरा फिरवतो, चाललो. हात काळे होतात, बाकी चारित्र्य स्वच्छ.

हां, पंक्चर आम्हालाही चुकलेलं नाही. ते पाप डनलॉप यांचं. मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर हादरे देते म्हणून या गृहस्थांनी रबराच्या नळीत हवा भरली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. एका मुलाची बैठक सुखाची झाली आणि जगाला पंक्चर मिळालं.

शंकेखोर

पायडल, पाप चुकीच्या माणसाच्या खात्यावर टाकलंत. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतलं होतं. त्यामुळेच डनलॉप यांचं पेटंट पुढे टिकलं नाही. थॉमसन यांचं टायर त्या काळी चाललं नाही इतकंच.

चौथा_गिअर

म्हणजे पंक्चरच्या शोधाचा मान मिळवण्यातही एकाचं घोडं आधी अडलं आणि दुसऱ्याचं नंतर.

दहाचा_पाना

१८८८ निघालंच आहे तर त्याच वर्षातली दुसरी गोष्ट सांगतो. माझ्या मते या धाग्याच्या अध्यक्षस्थानी बसवावं अशा बाई म्हणजे बर्टा बेंझ. कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली होती, पण लोक घेईनात. ऑगस्टमध्ये बर्टाबाईंनी यूजेन आणि रिचर्ड ही दोन मुलं बरोबर घेतली, नवऱ्याला काही न सांगता ती तीनचाकी बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी निघाल्या. शंभर किलोमीटरहून जास्त. एवढा लांब मोटारनं तोवर कुणी गेलं नव्हतं.

वाटेत काय झालं नाही ते विचारा. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी हॅटच्या पिनेनं साफ केली. इग्निशनच्या वायरचं आवरण गेलं, तिथे मोजे बांधायचा गार्टर गुंडाळला. ब्रेकचे ठोकळे झिजले, तर वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं, कारण डाग काढायचं द्रावण म्हणून तेच तिथे मिळायचं. चढ आला की मुलं मागून ढकलत. पोहोचल्यावर नवऱ्याला तार केली.

आणि परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. चिडणं वगैरे असेल-नसेल, पण ब्रेकडाऊनमधून दुरुस्तीची यादी घेऊन आलेला पहिला ड्रायव्हर ही बाई.

निळी_छत्री

माहेरी जायचं ठरलं की वाटेत काय वाट्टेल ते होवो, बाई पोहोचतेच. यात इतिहास कुठे आला?

कुंपणावरून

रिझर्व्हवर यांच्या मूळ प्रश्नाला धरून माझं आवडतं उदाहरण देतो. गाडी बंद पडण्याची जागा आपण लांब लांब म्हणतो. अपोलो १३ ची पडली ती चंद्राच्या वाटेवर. एप्रिल १९७०. ऑक्सिजनची टाकी फुटली, मुख्य यानाची वीज जाऊ लागली. मग तिघं अंतराळवीर चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात शिरले. ते यान दोघांसाठी केलेलं होतं. त्याच्याच जोरावर चंद्राला वळसा घालून सगळे जिवंत परतले.

मुख्य यान एका कंपनीनं बनवलेलं होतं, नॉर्थ अमेरिकन रॉकवेल. छोटं यान दुसरीनं, ग्रुमन. सगळे सुखरूप उतरल्यावर ग्रुमनच्या लोकांनी रॉकवेलला टोइंगचं बिल पाठवलं! पहिल्या मैलाला ४ डॉलर, पुढे दर मैलाला १ डॉलर. बॅटरी चार्ज करून दिल्याचे वेगळे, आणि जंपर केबल गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या होत्या अशी प्रामाणिक नोंद. दोघांच्या खोलीत तिसरा पाहुणा राहिला त्याचं जादा भाडं. सूट वजा जाता ३ लाख १२ हजार डॉलरच्या वर आकडा.

रॉकवेलनं पैसे दिले नाहीत. याआधीच्या मोहिमांत तुमची यानं चंद्रापर्यंत आम्हीच ओढत नेली, त्याचं भाडं कुठे आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

चौथा_गिअर

बघा. बिल कधी पाठवलं? सगळे परत आल्यावर. हसू नंतरच. माझी बाजू थेट अंतराळातून सिद्ध.

मालवाहू

ग्रुमनवाल्यांना धंदा कळत नाही. थांबल्याचा आकार लावला नाही. रिकामं परत यायचं भाडं लावलं नाही. आणि मालकाला सूट! आमच्यात असा माणूस एक महिना टिकायचा नाही.

कुंपणावरून

मालवाहू दादा, दंडवत.

वाचनमात्र

मी सहसा लिहीत नाही, पण या विषयावर घरात बरंच संशोधन झालेलं आहे.

माझं निरीक्षण असं, की त्या क्षणी हसू येईल का हे गाडीवर नाही, पहिलं वाक्य कोण आणि काय बोलतं यावर ठरतं. पहिलं वाक्य "मी म्हटलं होतं" असेल तर संपलं. "मी म्हटलं होतं, निघायच्या आधी हवा बघा." "मी म्हटलं होतं, हा रस्ता नको." त्यानंतर गाडी सुरू झाली तरी माणसं बंद पडलेली असतात. आमच्याकडे या तीन शब्दांवर आता बंदी आहे. घरी पोहोचल्यावर म्हणायला मुभा आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी वापरली जाते.

दुसरं, पहिला विनोद करायचा हक्क चालवणाऱ्याचा. त्यानं किंवा तिनं केला की मग बाकीच्यांना दार उघडं. मागच्या सीटवरून आधी कुणी केला तर तो विनोद नसतो, टोमणा असतो. निळी छत्री यांच्या स्वेटरवाल्या मैत्रिणीचा चालला, कारण त्याआधी चालवणारीनं भर उन्हात हीटर लावून सुरुवात करून दिली होती. मालवाहूंना भेटलेला मोटरसायकलवाला नेमका इथे चुकला.

तिसरं म्हणजे टॉर्च. लहानपणी ज्याला ज्याला टॉर्च धरायला लावलंय त्याला कळेल. "इकडे धर. इकडे म्हणजे तिकडे नाही. माझ्या डोळ्यांत नको. कुठे बघतोयस?" बिघाड इंजिनात असतो, ओरडा टॉर्चवाल्याला. मी माझ्या लेकीला डोक्याला लावायचा दिवा आणून दिलाय, तो मी लावते, आणि ती मला हत्यारं देते. आमच्यात बोलाचाली बंद झालेली नाही.

घाईत_आहे

टॉर्चबद्दल +१००. मोठेपणी कितीही कमावलं तरी ते "कुठे बघतोयस" कानातून जात नाही.

पायडल

अवांतर: गाड्यांवरच चाललंय, धागाकर्त्यानं चपलेचा अंगठाही लिहिला होता. माझ्या बहिणीच्या बुटाचा तळ मुलाखतीला आत शिरतानाच निघाला. पुढून उघडलेला. पाऊल टाकलं की फटाक, उचललं की फटाक. तिनं दारातच थांबून सांगितलं, "बुटालाही काहीतरी बोलायचंय, पण आधी मी बोलते." समोरचे तिघं हसले. नोकरी मिळाली नाही, पण त्यांच्यातल्या एकीनं तिला नंतर दुसरीकडे बोलावलं.

निळी_छत्री

नाव सार्थ करते. छत्री वाऱ्यानं उलटी झाली की सगळ्यांत हसरा चेहरा समोरच्या फुटपाथवरच्यांचा असतो. छत्रीचं तोंड वाऱ्याकडे फिरवलं की बहुतेक वेळा ती आपोआप सुलटी होते. आपण मात्र तिच्याशी झटापट करत बसतो.

अनघड

या यादीत माझ्याकडून स्टिअरिंग लॉक. चावी फिरत नाही, स्टिअरिंग हलत नाही, माणूस घामाघूम. गाडी बिघडलेली नसते. स्टिअरिंग जरासं डावी-उजवीकडे ढकलत चावी फिरवायची, सुटतं. आणि बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपला तर घाबरू नका. बऱ्याचशा रिमोटच्या पोटात दाराची साधी चावी लपवलेली असते. आत बसल्यावर रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरला की बहुतेक गाड्या त्याला ओळखतात. नेमकी जागा पुस्तिकेत दिलेली असते. पुस्तिका अर्थात कुलूपबंद गाडीत असते.

शंकेखोर

अनघड, शेवटच्या वाक्यासाठी टाळ्या.

रिझर्व्हवर

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. वाचनमात्र यांचा प्रतिसाद मी थेट मामालाच वाचून दाखवला. (हो, हिंमत केली.) त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुझे ते इंजिन-जागेवर-आहे काका?" म्हटलं, त्यांचं काय?

मामा म्हणाला, "त्याला काही येत नाही. त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो विनोद करतो तेव्हा मेकॅनिकला कुणीतरी फोन करत असतं. माझी गाडी थांबली की सगळे माझ्याकडे बघतात. मला येतं ना. मग मला लवकर सापडलं नाही की मला कसंतरी होतं. तुम्ही गप्प बसलात की आणखीच."

मामी आतून म्हणाली, "मग बोलायचं काय असतं तेव्हा?"

मामाला उत्तर सुचलं नाही. मलाही. इतकी वर्षं त्याचा राग गाडीवर किंवा आमच्यावर आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

मालवाहू

मामाला माझ्याकडून राम राम. येणाऱ्याचं हेच असतं.

दहाचा_पाना

मामांचं म्हणणं शब्दन् शब्द खरं. माझा पोटापाण्याचा व्यवसायच हा, त्यामुळे लग्नाकार्यातसुद्धा मला कोपऱ्यात घेतात. फोनवर तर कहर. लोक गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवतात. शिकलेली, प्रतिष्ठित माणसं. "ऐक हं. घुर्र्र, खट, घुर्र्र, खट." पलीकडून घरातलं कुणीतरी ओरडतं, "तसा नाही हो, जरा जाड आवाज आहे." मग ते जाड आवाजात काढतात. हसू दाबत निदान करायचं हे आमचं खरं कौशल्य. आणि सांगायला हरकत नाही, बऱ्याचदा त्यावरून कळतंही.

घाईत_आहे

पाना साहेब, संधी साधतो. सकाळी चावी फिरवली की टकटकटकटक, आणि दिवे मंद होतात.

दहाचा_पाना

बॅटरी बसलीय किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साठलीय. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बरीच खाली असेल तर चार्ज करा. एकच "टक" होऊन सगळं थंड पडलं असतं तर स्टार्टर मोटरवर संशय घेतला असता. दुसऱ्या गाडीवरून जंप देणार असाल तर शेवटची काळी क्लिप आपल्या बॅटरीवर नको, इंजिनाच्या उघड्या धातूला, लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन सुटतो.

वाचनमात्र

पूर्ण वळण घेताना पुढून कट-कट-कट. सरळ जाताना काही नाही.

दहाचा_पाना

सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणारा सांधा. त्यावरचं रबरी आवरण फाटून ग्रीस गेलं असेल. लवकर दाखवा.

जुनाट

ब्रेक हलके दाबले की बारीक शिट्टी. काकू म्हणतात, मी वाजवतो.

दहाचा_पाना

काकूंना सांगा, तुम्ही निर्दोष असण्याची शक्यता आहे. बऱ्याच ब्रेक पॅडवर एक पत्री मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून शिट्टी मारते. पॅड बदला.

निळी_छत्री

गाडी लावून उतरलं की खालून टिक, टिक, टिक. मोठा नाही आवाज.

दहाचा_पाना

सायलेन्सर गार होतोय. तापून फुगलेला धातू आकसताना वाजतो. काही करू नका.

निळी_छत्री

गाडी दुपारी लावलीय हो. अजून वाजतंय.

दहाचा_पाना

मग उद्या घेऊन या. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.